जाग येते म्हणून

आई गेली तेव्हा दीक्षा रणपिसे ऑफिसात होती. दिवसा आईजवळ बसणाऱ्या मावशींचा फोन आला. दीक्षाने समोरची फाईल बंद केली, साहेबांना सांगितलं आणि शिवाजीनगरच्या स्टॉपवर येऊन वारज्याची बस पकडली. रिक्षा करावी हे तिला सुचलंच नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कर्वे रोडला नेहमीसारखी गर्दी होती. शेजारच्या बाईने मेथीच्या जुड्या पायाशी ठेवल्या होत्या, त्यांची ओली मुळं दीक्षाच्या घोट्याला लागत होती. तिने पाय हलवला नाही.

धाकटा भाऊ राकेश हिंजवडीला एका कंपनीत होता, राहायला वाकडला. तो ट्रॅफिकमधून वाट काढत पोचेपर्यंत दीक्षाने सगळं उरकलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. आईच्या नाकातली नळी काढून झाली होती, तोंड पुसून झालं होतं, पांढरं पातळ नेसवून झालं होतं. राकेश दारातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दीक्षाने त्याला पाणी आणून दिलं.

पुण्यानुमोदनाला आईचे जुने विद्यार्थी आले. महापालिकेच्या शाळेत रणपिसे बाईंचा दरारा होता, असं जो तो सांगत होता. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. जेवणं झाली. जाताना प्रत्येकजण दीक्षाचा हात हातात घेऊन म्हणत होता, एवढी वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं तू केलंस, असं आजकाल कुणी करत नाही. नात्यातली एक मावशी म्हणाली, "रडून घे बाई. आत साठवून ठेवू नकोस."

दीक्षाने मनात डोकावून पाहिलं. साठवलेलं असं काही सापडलं नाही.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आईला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. दिवसा मावशी होत्या, बाकी सगळं दीक्षा. उजाडायच्या बऱ्याच आधी एक पाळी असायची. त्या पाळीसाठी तिला कधी गजर लावावा लागला नव्हता. आता पाळी नव्हती, पण जाग तशीच येत होती. ती उठायची, आतल्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि तिथे थांबायची. लोखंडी पलंग, त्यावर हवेची गादी. गादीच्या मोटरची घरघर बंद झाल्यामुळे घर फार मोठं वाटत होतं. परत येऊन पडलं तरी झोप लागत नव्हती.

काही दिवसांनी ती दार ओढून खाली उतरायला लागली. सोसायटीच्या फाटकातून बाहेर, हायवेच्या कडेच्या सर्व्हिस रोडने पुलाखालपर्यंत आणि परत. एके दिवशी पुलाखाली रस्ता ओलांडताना एक ट्रक दिवे न लावता अंगावर आला. ती पळाली. पलीकडे पोचल्यावर थांबायचं राहून गेलं. अंगात सलवार कुर्ता, पायात सँडल. ती पेट्रोल पंपापर्यंत धावली आणि खांबाला धरून उभी राहिली. छाती फुटेल असं वाटत होतं. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. एवढा वेळ तिचा कान घराकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती परत धावली.

तिला पहिल्यांदा हटकलं ते उल्का साठे यांनी. उल्काताई पन्नाशीच्या, सडसडीत, कोथरूडला त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. वारजे, शिवणे भागातल्या दहा-बारा जणांना गोळा करून त्या रोज पहाटे धावायला न्यायच्या. पुलाखाली सगळे पाय मोकळे करत असताना दीक्षा समोरून धावत गेली.

"अहो," उल्काताईंनी हाक मारली. "कुणी मागे लागलंय का?"

दीक्षा थांबली. "नाही."

"मग या सँडलांनी काय गुन्हा केलाय? गुडघे नको झाले असतील तर तसं सांगा, मला गिऱ्हाईक हवंच आहे."

बाकीचे हसले. दीक्षाला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. तिने विचारलं, "कुठले बूट घ्यायचे?"

अशी ती त्यांच्यात आली. नव्या माणसाला उल्काताई एक प्रश्न विचारायच्या : का धावायचंय? कुणाचं वजन होतं, कुणाची शुगर, एका आयटीवाल्याला ऑफिसातल्या बाकीच्यांनी चिडवलं होतं. दीक्षाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जाग येते म्हणून."

"ही काय प्रेरणा झाली?" आयटीवाला म्हणाला.

"आवं, झाली की," मागून कुणीतरी बोललं. "माझीबी तीच हाय."

ते महिपती दांगट होते. साठीचे, काळेसावळे, मिशा पांढऱ्या. शिवण्याच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि त्यांची दोन्ही पोरं बिल्डरच्या धंद्यात होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत. "रात्रीची लाईट असायची तवा उठून पाणी द्यायला जायचो," ते दीक्षाला धावता धावता म्हणाले. "आता जाग येती, पर पाणी द्यायचं कशाला? रानात आठ मजली बिल्डिंग हाय. मागं एकदा तिकडं गेलो तर वॉचमन मलाच इचारतो, कुणाकडं जायचंय."

"मग काय सांगितलंत?"

"म्हनलं, चुकलो. आन आलो माघारी."

त्यानंतर दोघं बरेचदा बरोबर धावायची. अण्णांचा वेग बेताचा होता आणि बडबड अखंड होती. दीक्षाला उत्तर द्यावं लागत नसे. उत्तमनगरवरून कोंढव्यापर्यंत जायचं, तिथून कुडज्याच्या रस्त्याला लागायचं, डाव्या हाताला खडकवासल्याचं पाणी. कोंबडे आरवत, दूधवाले मोटारसायकलवरून कॅन वाजवत जात, दुकानांची शटर अजून बंद असत. अण्णा प्रत्येक वळणाला कुणाचं रान कुठे होतं ते सांगायचे. त्यांच्या बायकोविषयी, राधावहिनींविषयी सांगायचे. ती कशी या वयात बूट घालून पळणाऱ्या नवऱ्याला हसते, आणि तरी निघायच्या आधी हातावर गुळाचा खडा ठेवते.

दीक्षाला सराव आवडतो का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. उल्काताई सांगतील ते ती करायची. आज हळू म्हटलं की हळू. आज चढावर म्हटलं की चढावर. रविवारी लांब. पाऊस असो, नसो. इतरांना कंटाळा यायचा, पोटऱ्या दुखायच्या, पाहुणे यायचे, लग्नं निघायची. तिला यातलं काहीच होत नव्हतं. काय करायचं ते कुणीतरी सांगतंय आणि ते केलं की तेवढा वेळ संपतोय, एवढं पुरेसं होतं. गणपती झाले, दसरा झाला. ती अशी धावायला लागली की उल्काताईंनी तिचं नाव डिसेंबरातल्या अर्ध्या मॅरेथॉनला घातलं.

ही बातमी राकेशला कळली. त्याने दीक्षाचा एक फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं की माझी ताई आमच्या आईसाठी धावते आहे. शेकडो लोकांनी कौतुक केलं. रविवारी तो बायकोला, दीपालीला घेऊन घरी आला आणि पिशवीतून टी-शर्ट काढला. छातीवर आईचा फोटो, शाळेतल्या निरोपसमारंभातला, हातात गुच्छ घेतलेला.

"स्पर्धेला हा घाल," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

दीक्षाने टी-शर्ट हातात घेऊन पाहिला. कापड चांगलं होतं.

"मी आईसाठी धावत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही धावत. तू कशाला लिहिलंस तसं?"

"ताई, लोकांना किती भारी वाटलं माहितीये? मग कशासाठी धावतेस तू?"

दीक्षाने खांदे उडवले. दीपाली घाईघाईने म्हणाली, "चहा टाकते मी," आणि आत गेली. राकेश आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. पलंग अजून तिथेच होता. "हा तरी काढू या ना आता," तो म्हणाला. "मी येतो एखाद्या शनिवारी."

"बघू," दीक्षा म्हणाली. टी-शर्ट तिने घडी करून कपाटात ठेवला.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका लांब पल्ल्याच्या दिवशी उल्काताई तिच्या मागून धावत होत्या. एनडीएच्या फाटकापाशी त्या म्हणाल्या, "थांबा."

दीक्षा थांबली.

"किती दिवस लंगडताय?"

"मी लंगडते?"

उल्काताईंनी तिला कठड्यावर बसवलं, पँट वर सारली आणि नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत खाली नेला. एका जागी दीक्षाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने आवाज काढला नाही, फक्त कडेला वाकून ओकली.

"दुखत होतं ना इथे?"

"होत असेल."

"होत असेल? पाय कुणाचा आहे?" उल्काताई खरोखर चिडल्या होत्या. "हाडाला चीर गेल्यावर माणूस ओरडतो. नॉर्मल माणूस. सांगता येत नव्हतं?"

"मला वाटलं सगळ्यांचं दुखतं."

उल्काताईंनी तिची पँट खाली ओढली. मग त्यांनी रिक्षा बोलावली आणि तिच्याबरोबर स्वतःही बसल्या. तपासणीत निघालं ते त्यांनी म्हटलं तेच. नडगीच्या हाडाला बारीक चीर. डॉक्टरांनी पायाला प्लास्टरसारखा कडक, गुडघ्यापर्यंतचा बूट चढवला आणि धावणं बंद केलं. डिसेंबरची स्पर्धा गेली.

"वाईट वाटतंय?" उल्काताईंनी विचारलं.

"नाही," दीक्षा म्हणाली, आणि ते खरं होतं.

जाग मात्र येत होती. आता धावायला उतरता येत नव्हतं. ती अंधारात आपल्याच पलंगाच्या कडेला बसून राहायची, बूट घातलेला पाय पुढे करून. उजाडलं की चहा करायची. ऑफिसात लोक विचारायचे, काय झालं, आणि ती सांगायची, पडले. ते सोपं होतं.

अशात एके दिवशी उल्काताईंचा फोन आला. अण्णांच्या घरी वाईट झालं होतं. राधावहिनींना झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं होतं. "तुमच्या आईचं सगळं तुम्ही केलंत हे त्यांना कळलंय, त्यांनी तुम्हाला बोलावलंय," उल्काताई म्हणाल्या. "जाऊ नका असंच मी सांगणार होते. पण तुम्ही ठरवा."

दीक्षाने ठरवलं असं काही नाही. दुसऱ्या दिवशी जाग आल्यावर ती रिक्षाने शिवण्याला गेली.

दांगटांचं घर तीन मजली होतं, खाली दोन मोठ्या गाड्या. वहिनींना तळमजल्याच्या हॉलमध्ये ठेवलं होतं, सागवानी दिवाणावर, कापसाच्या गादीवर. नर्सिंग ब्यूरोतून आणलेली बाई दोनच दिवसांत काम सोडून गेली होती. सून दाराशी उभी होती आणि अण्णा पायाशी, हात लोंबकळत. रोज सोबत धावणारे अण्णा ते हेच का, असं वाटावं इतके ते लहान दिसत होते.

"ताई, मला हात लावायचं भ्या वाटतंय," ते म्हणाले. "मोडली बिडली तर?"

दीक्षाने पर्स खुर्चीवर ठेवली. वहिनींची पाठ बघितली. कमरेखाली लाल चट्टा उठला होता, अजून कातडी फुटली नव्हती. तिने चादर दुमडून आडवी घातली, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि वहिनींना सहज कुशीवर घेतलं. पाठीला उशी लावली, गुडघ्यांच्या मध्ये उशी. चेहरा पुसला. सगळं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला धापही लागलेली नाही.

"दिवाणावर नाही चालणार," ती म्हणाली. "माझ्याकडे पलंग आहे. गादीही आहे."

त्याच दुपारी अण्णांचा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि आतली खोली रिकामी झाली. राकेशला तिने सांगितलं नाही.

मग रोज तेच सुरू झालं. जाग आली की रिक्षा, रिक्षातून शिवणे, वहिनींना वळवणं, स्वच्छ करणं, तोंडात चमच्याने पाणी घालणं. तिथून ऑफिस. सून तिच्यासाठी पोहे झाकून ठेवायची. आठवडा गेला, दुसराही गेला. दीक्षाचे हात आपोआप चालायचे. एकदा ती निघताना सून म्हणाली, "ताई, तुम्ही आहात ना, मग आम्हाला काही काळजीच नाही बघा."

दीक्षा फाटकाशी थांबली. हे वाक्य तिने आधीही ऐकलं होतं. राकेशकडून, मावशीकडून, शेजाऱ्यांकडून. याच शब्दांत. मग तिने रिक्षाला हात केला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनीची गोष्ट. ती नेहमीसारखी वहिनींच्या खांद्याखाली हात घालत होती, तेवढ्यात वहिनींनी डावा, धड हात उचलला आणि तिच्या छातीवर टेकवून तिला मागे ढकललं. जोर नव्हता. पण ढकललं.

"काय झालं वहिनी? दुखतंय?"

वहिनींची मान नकारार्थी हलली. जीभ जड झाली होती, शब्द घरंगळत येत होते. "तू… नको."

"मी नको?"

"त्यो," वहिनी म्हणाल्या आणि डोळ्यांनी दाराकडे दाखवलं. अण्णा तिथे तांब्या घेऊन उभे होते. "त्यो… करंल."

"मला न्हाई जमत गं," अण्णा म्हणाले. "ताई करत्यात ना झकास."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. नजर काढेनात. शेवटी अण्णांनी तांब्या खाली ठेवला आणि पुढे आले. दीक्षा बाजूला झाली. कुठे हात घालायचा ते तिने सांगितलं, चादर कशी ओढायची ते सांगितलं. अण्णांनी वहिनींना वळवलं तेव्हा उशी खाली पडली, वहिनींचा हात अंगाखाली अडकला, त्या कण्हल्या. अण्णांना घाम फुटला. पण ते बोलायला लागले. धावताना बोलायचे तसे, न थांबता. "हां, थांब, थांब, हात काढतो. आगं, किती जड झालीस, गूळ खाऊन खाऊन. काल कोंढव्याला गेलो हुतो, तुज्या भावाच्या रानात टॉवर उभा रहातोय बघ मोबाईलचा. तुजा भाऊ तिथं खुर्ची टाकून बसलाय, जनू त्येनंच बांधला." वहिनींच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. हसत होत्या की काय ते नीट कळेना.

दीक्षा भिंतीला टेकून उभी होती. तिला करायला काही नव्हतं. आईला वळवताना आपण काय बोलायचो, हे ती आठवून बघत होती. पहिल्या वर्षी बोलत असेल काहीतरी. नंतर नाही. नंतर फाईल हातावेगळी करावी तसं, पटापट, एका शब्दाविना. आईची वाचा गेली होती, पण कान शाबूत होते. डोळे उघडे असायचे. दीक्षा त्या डोळ्यांत बघत नसे, कारण बघितलं की वेळ जायचा आणि पुढची कामं पडलेली असायची.

ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. समोर गाड्या पुसल्या जात होत्या. तिने राकेशला फोन लावला. तो झोपेतून उठला.

"ताई? काय झालं?"

"तू एकदाही आईला कुशीवर वळवलं नाहीस," ती म्हणाली.

पलीकडे तो उठून बसल्याचा आवाज आला. "आज का हे?"

"आज सुचलं."

"तू मला कधी बोलावलंच नाहीस," राकेश म्हणाला. मग हळू आवाजात, "मी आलो की तू म्हणायचीस, तू बस, मी करते."

"हो," दीक्षा म्हणाली. "म्हणायचे."

"मला पण भीती वाटायची."

"वाटत असेल."

राकेशच्या मागे दीपालीने काहीतरी विचारलेलं ऐकू आलं. मग दीक्षा म्हणाली, "बरं, ठेवते. ऑफिसला उशीर होतोय."

तिने आत जाऊन अण्णांना सांगितलं की उद्यापासून ती येणार नाही. सुनेचा चेहरा पडला. अण्णा मात्र मान हलवत म्हणाले, "बराबर हाय. तुमचा पाय बरा व्हायला पायजे." आणि वहिनींचा पदर नीट करायला वळले.

जानेवारीत पायातला बूट निघाला. उल्काताईंनी बजावलं होतं की आता शून्यापासून. पाच मिनिटं चालायचं, एक मिनिट धावायचं, आणि दुखलं की सांगायचं. "सांगायचं म्हणजे तोंडाने," त्या म्हणाल्या. "मी काही ज्योतिषी नाही."

पहिल्याच शनिवारी राकेश पुलाखाली येऊन उभा होता. नवे बूट, पोट पुढे. रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत वाकडहून गाडी घेऊन आला होता. "मलाही शिकव," तो म्हणाला.

"मी कुठे शिकवते? उल्काताईंना विचार."

उल्काताईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही का धावणार?"

राकेशने तोंड उघडलं, दीक्षाकडे बघितलं आणि म्हणाला, "माहीत नाही."

"छान. खानदानीच आहे," उल्काताई म्हणाल्या आणि त्याला घेतलं.

भाऊबहीण दर शनिवारी बरोबर चालायची, धावायची, परत चालायची. एक दुखापतीतून उठलेली, एक कधीच न धावलेला, त्यामुळे वेग सारखा होता. बोलणं फारसं होत नसे. एकदा राकेशने विचारलं, पलंग कुठे गेला. तिने सांगितलं. तो म्हणाला, "मी येणार होतो." ती म्हणाली, "हो." तिला त्याचा राग यायला हवा होता किंवा कीव यायला हवी होती. त्यापैकी काहीच नीट येत नव्हतं. त्याचा श्वास मात्र ऐकू येत होता आणि तो फार चढला की ती न सांगता चालायला लागायची.

फेब्रुवारीअखेर खडकवासल्याच्या बाजूला एक छोटी स्पर्धा होती, दहा किलोमीटरची. उल्काताईंनी दोघांनाही उतरवलं. पहाटे धरणावरून गार वारा येत होता. दोन-अडीचशे माणसं असतील. लाउडस्पीकरवर कुणीतरी ओरडून सगळ्यांना जोश चढवत होतं. दीक्षाला जोश चढला नाही. तिने नाडी बांधली आणि निघाली.

निम्मं अंतर दोघं बरोबर होती. मग चढ लागला. राकेश कमरेवर हात ठेवून थांबला. "तू जा," तो म्हणाला. "थांबू नकोस माझ्यासाठी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तोंड लाल झालं होतं, पण बोलत होता, हसायचा प्रयत्न करत होता. "जाऊ?"

"जा गं."

ती गेली. मागे वळून बघितलं नाही. चढ संपला, उतार आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याला मोहोर होता. नडगी दुखत नव्हती. ती हवेने फुगवलेल्या निळ्या कमानीखालून पलीकडे गेली, कुणीतरी गळ्यात पदक घातलं, हातात केळं दिलं. ती कडेला उभी राहून केळं खात राहिली.

माणसं येत होती. राकेश येत नव्हता. मग येणारी माणसं विरळ झाली. एक म्हातारे गृहस्थ आले, दोन मैत्रिणी हातात हात घालून आल्या. राकेश नाही. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चढावर त्याचं तोंड किती लाल होतं ते तिला आठवलं. आपण बघितलं होतं, आणि तरी निघून आलो. केळ्याचं साल तिने कुठे टाकलं ते तिला कळलं नाही. ती उलट्या दिशेने चालायला लागली, मग धावायला लागली.

उताराच्या पायथ्याशी तो सापडला. एक बूट हातात, मोजा रक्ताने भिजलेला, आणि पाण्याच्या टेबलावरच्या मुलीशी गप्पा मारत लंगडत येत होता.

"फोन का उचलत नाहीस?" दीक्षा ओरडली. इतक्या मोठ्याने की ती मुलगी दचकली. "किती वेळा लावला! मेलास की काय असं वाटलं मला!"

राकेश जागच्या जागी थबकला. "गाडीत राहिला फोन. ताई, नुसता फोड आलाय."

"फोड! फोड आलाय म्हणे!" तिचा आवाज फाटत होता. "सांगता येत नाही? कुणाजवळ निरोप देता येत नाही? मी तिथे उभी, माणसं संपली येऊन, तू नाहीस!" तिने त्याच्या दंडावर चापट मारली, मग आणखी एक. तिसरी मारायला उचललेला हात तिने त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

दोघं चालत निघाली. तो तिच्या खांद्यावर भार टाकत होता आणि अधूनमधून "आई गं" म्हणत होता. वळण घेतल्यावर दिसलं की टेबलं आवरली गेली आहेत आणि दोन माणसं कमानीची दोरी सोडताहेत. एका बाजूने हवा निघायला लागली होती, निळं कापड वाकलं होतं.

"जाऊ दे," राकेश म्हणाला. "काय फरक पडतो."

दीक्षाने त्याला सोडलं आणि पुढे पळाली. "थांबा!" ती हात वर करून ओरडत होती. "अहो, थांबा! एक जण यायचाय अजून!"

"वेळ संपली मॅडम," दोरी धरलेला माणूस म्हणाला.

"संपू दे. तो चालतोय ना? पोचणारच आहे. धरा ते वर."

त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, मग तोंडातली तंबाखू गालात सारून जोडीदाराला खूण केली. दोघांनी खाली आलेलं कापड हातांनी वर धरलं. एका बाजूला ते पुरेना, म्हणून दीक्षाने स्वतः कड उचलली. राकेश बूट हातात घेऊन, वाकून, त्याखालून पलीकडे आला.

पदकं संपली होती. तो फुटपाथवर बसला. दीक्षा त्याच्या पायाशी बसली आणि रक्ताने चिकटलेला मोजा हळूहळू सोडवायला लागली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"खूप," राकेश म्हणाला.

"थोडं राहिलंय," ती म्हणाली. "काल ऑफिसात एक गंमत झाली, सांगते ऐक."